स्थानिक छूट आणि ७० रुपये ८० पैसे

पार्कच्या तिकिटावर स्थानिक छूट घ्यायला गेलो आणि वाचवले त्यापेक्षा ७० रुपये ८० पैसे जास्त घालवून आलो. ३१ वर्षं मी हिशेब खात्यात काढली आहेत, पैशापर्यंत मेळ बसल्याशिवाय मला झोप लागत नाही. या आकड्याने दोन रात्री खाल्ल्या, तेव्हा म्हटलं लिहून टाकू. बडोद्यातल्या आणखी कुणाचे तरी वाचतील.

पार्कचं नाव लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्यांचा भाचा तिथे कामाला आहे आणि जिन्यात रोज गाठ पडते. शहराबाहेर, हायवेला लागून, अर्धं पाण्याचं आणि अर्धं कोरड्या पाळण्यांचं असं ते पार्क आहे. दांडिया बाजारातून गाडीने पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं नुसती गावातून बाहेर पडायला.

गेलो आम्ही सहा जण. मी ६४, हे ६८. मुलगा आणि सून, दोघं फ्लोरिडात टॅम्पाला असतात. नातू ईशान, वय ११. आणि हेतल, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंगूबेनची मुलगी, वय १४. हेतलला न्यायचं ईशानने ठरवलं. गेल्या दोन सुट्ट्यांत दोघांनी मिळून आमच्या गच्चीवर पत्त्यांचा असा अड्डा जमवलाय की तिच्याशिवाय हा कुठे हलायला तयार नसतो. मंगूबेन आधी नको नको म्हणाली, मग आदल्या रात्री हेतलचा ड्रेस घेऊन इस्त्री मागायला आली.

अमेरिकेत जूनमध्ये सुट्ट्या असतात आणि आपल्याकडे नेमक्या तेव्हा शाळा उघडतात. म्हणजे मंगळवार धरला तर पार्क आपलंच. यांनी आदल्या दिवशी फोन केला. तिकडून एक मुलगी म्हणाली, “लोकल छो, अंकल? तो आवी जाव, बारी पर डिस्काउन्ट मळशे. ओनलाइन नहीं मळे.” म्हणजे गावचे असाल तर या, खिडकीवर सूट मिळेल, ऑनलाइन मिळणार नाही. फोन ठेवताना यांचा चेहरा असा, की जणू खुद्द सयाजीरावांनी बोलावून जमीन इनाम दिली.

मुलगा म्हणाला, “बाबा, ऑनलाइन पण काहीतरी सूट दिसतेय, बघू का?”

हे म्हणाले, “आपण गावचे. आपल्याला ऑनलाइन कशाला?”

हे वाक्य लक्षात ठेवा. ४२४ रुपये ८० पैशांचं वाक्य आहे.

खिडकीवरचा फलक असा होता. मोठ्यांना १,२०० रुपये. ९० ते १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलांना ८५०, त्याखाली फुकट. ६० वर्षांवरच्यांना ८००. ‘वडोदरा निवासी’ ९००, सोमवार ते गुरुवार, सणासुदीचे दिवस सोडून, मूळ आधार कार्ड दाखवून. आणि तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: जीएसटी वेगळा, एका माणसाला एकच सवलत.

जीएसटी १८ टक्के. २०१७ च्या जुलैत हा कर आला तेव्हा अशा पार्कांच्या तिकिटावर तो २८ टक्के होता, २०१८ च्या जानेवारीत १८ वर आणला. सरकारने आपला वाटा केव्हाच कमी केला, पण कर मिळवलेला आकडा फलकावर लिहायला अजून कुणाचा हात वळत नाही. १,२०० म्हणजे १,४१६. हा गुणाकार घरूनच करून निघा, खिडकीपाशी मागे रांग असताना होत नाही.

आता सवलतीची वाटणी ऐका. यांनी सहा जणांची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती, त्यात ईशानचा अमेरिकन पासपोर्टसुद्धा. आम्हा दोघांना ज्येष्ठांचा दर ८००. तो ९०० पेक्षा कमी, आणि सवलत एकच घ्यायची. म्हणजे ज्यांचा जन्म बडोद्यात, लग्न बडोद्यात आणि पेन्शन बडोद्यात, त्या दोघांना निवासी असण्याचा काडीचा उपयोग नाही.

मुलाचं आधार फार जुनं, अमेरिकेला जाण्याआधीचं. त्यावर पत्ता आमचा, दांडिया बाजार, ३९०००१. खिडकीतल्या मुलीने कार्ड उलटं केलं, पत्ता वाचला, ९०० लावले. गेली नऊ वर्षं टॅम्पात घराचे हप्ते भरणारे आमचे चिरंजीव बडोद्याचे निवासी ठरले. त्याला स्वतःलाच इतकं अवघडल्यासारखं झालं की तो उगाच बुटाची नाडी बांधत बसला.

सुनेचं कार्ड माहेरचं, पुणे. १,२००.

हेतलचं कार्ड लीमखेडा तालुका, जिल्हा दाहोद. हेतल जन्मली बडोद्यात, शिकते बडोद्यात, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांची नावं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण तिच्या घरातल्या सगळ्यांची कार्डं गावाकडे एकदमच काढलेली, आणि इथे भाड्याच्या खोलीचा कागद नाही, म्हणून पत्ता तोच राहिला. उंची १५२, तेव्हा मोठ्यांत. १,२००. मी खिडकीत वाकून म्हटलं, “आ छोकरी अहीं ज रहे छे,” ही इथेच राहते. ती म्हणाली, “कार्डमां नथी ने, बेन.” तिचं तरी काय चुकलं? तिला पिन कोड बघायला सांगितलंय. ३९० किंवा ३९१ ने सुरू झाला की ९००, नाहीतर १,२००. हेतलने कार्ड परत घेतलं आणि ओढणीच्या टोकाने पुसून पर्समध्ये ठेवलं. तिच्या पर्समध्ये शाळेचं ओळखपत्रही होतं. त्यावर शाळेचा पत्ता आणि घरचा पत्ता, दोन्ही बडोद्याचे. ते बघायला कुणी मागितलं नाही, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही.

ईशानसाठी खांब. भिंतीवर जिराफ रंगवलाय, मानेपाशी १४० ची रेघ. यांनी त्याला मराठीत सांगितलं, “जरा गुडघे वाकव.” पोराने मोठ्यांदा इंग्रजीत विचारलं, का म्हणून? सगळी रांग हसली. वाकवायची गरजच नव्हती, तो १३८ निघाला. उंचीत तो आमच्याकडे गेलाय, सुनेच्या माहेरी सगळे ताडमाड. फ्लोरिडात मात्र वय बघतात, तिथे त्याला वर्षभरापूर्वीच मोठ्यांच्यात धरलं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

तिकिटांचे झाले ५,७५०, कर १,०३५, एकूण ६,७८५. सहा माणसांत निवासी सवलत लागली एकाला, तीही टॅम्पावाल्याला. वाचले ३०० आणि त्यावरचा कर ५४, म्हणजे ३५४.

गेटवर माझे थेपले पकडले. डबा कापडी पिशवीत तळाला, वर टॉवेल, त्यावर बदलायचे कपडे, तरी पहारेकऱ्याने असा सरळ हात घातला की त्याच्या घरीही थेपले याच पद्धतीने नेत असावेत. बाहेरचं खाणं आत नाही. छुंद्याची बाटली बघून तो थोडा विरघळला, पण नियम तो नियम. डबा गाडीत ठेवून या म्हणाला. हे ठेवायला गेले आणि वीस मिनिटांनी आले. दोन थेपले कमी होते. विचारलं नाही.

आतलं आता. पाणी स्वच्छ, हे आधी सांगते. मी तळ बघते, फरशीचा रंग दिसला तर पाणी चांगलं. इथे फरशीवरचे निळे मासे मोजता येत होते. क्लोरिनचा वास होता पण डोळे झोंबले नाहीत. सुती कपड्यांना पाण्यात बंदी आहे, तेव्हा बायकांना नायलॉनचा पोशाख भाड्याने घ्यावा लागतो, नगाला १००. मला मिळालेल्यावर दोन्ही बाहींवर अननसं होती. कपडे बदलायच्या खोल्यांत हूक नाहीत. इतक्या खर्चाचं पार्क बांधलं आणि खिळे ठोकायला विसरले. बायका कपडे दातात धरून पाय पुसत होत्या. आर्किटेक्ट पुरुष असणार.

पाण्याच्या बाजूला प्रत्येक घसरगुंडीवर दोन-दोन मुलं शिट्ट्या घेऊन उभी, एक वर, एक खाली. वरचा खालच्याचा हात वर झाल्याशिवाय पुढचा माणूस सोडत नाही. हे मी अर्धा तास उभं राहून पाहिलं. एका कोपऱ्यात छोट्या तळ्यात पायाने चालवायच्या होड्या आहेत, तिथेही उभी राहिले आणि जॅकेटं मोजली. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या, तेव्हापासून बडोद्यातली बाई होडी दिसली की आधी जॅकेट मोजते. इथे माणसागणिक जॅकेट होतं आणि बक्कल लावल्याशिवाय होडीत पाय ठेवू देत नव्हते. या एका गोष्टीसाठी मी पार्कला बाकीचं बरंच माफ करीन.

कोरड्या बाजूला १४ पाळणे, त्यातले ५ बंद. ‘मेन्टेनन्स’ अशी पाटी, आणि पाटीवरचा रंग उडालेला, यावरून काय ते समजा. पाच बंद म्हणून तिकीट कमी होत नाही. हे त्यांनी फलकावर तरी लिहावं, नाहीतर खिडकीवरच सांगावं.

पण गर्दी नव्हती, आणि त्याची किंमत वेगळी असते. रविवारी इथे एका घसरगुंडीला पाऊण तास उभं राहावं लागतं म्हणतात. मंगळवारी पोरं खाली येत होती ती थेट जिन्याकडेच पळत होती. हेतलने बोटांवर मोजून ठेवलं, २७ फेऱ्या. १,४१६ भागिले २७, म्हणजे फेरी ५२ रुपये ४४ पैशांना पडली. इतकं स्वस्त या दिवसात काही मिळत नाही. मी त्या संथ कालव्यात टायरवर बसून दोन चकरा मारल्या. माझे ९४४ भागिले दोन, चकरेला ४७२. यांनी काहीच केलं नाही. शून्याने भागता येत नाही, तेव्हा यांचा हिशेब सोडून देते.

जो पाळण्यात बसतच नाही त्याने सगळ्याचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न अमेरिकेत फार पूर्वी सोडवलेला होता आणि मग त्यांनी तो पुन्हा बिघडवला. कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा मोठ्या माणसाला दाराशी एक डॉलर होता आणि आत पाळण्याला वेगळे पैसे. मग त्याच वर्षी कुपनांची पुस्तकं आली, अ-ब-क-ड सारखी अक्षरं घातलेली. साध्या घोड्यांच्या चक्राला खालचं अक्षर, मोठ्या थरारक पाळण्याला वरचं. १९५९ मध्ये सगळ्यांत वरचं ‘ई’ आलं. ज्याला जेवढं फिरायचं तेवढं त्याने फाडायचं. आपल्या जत्रेसारखंच की. १९८२ मध्ये पुस्तकं बंद झाली आणि दाराशीच सगळ्याचं मिळून एक तिकीट झालं. हे पोरांना बरं. पण बाकावर बसून पिशव्या राखणाऱ्या आजोबांचं १९८२ पासून नुकसान चालू आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

फ्लोरिडातलं पार्क मी पाहिलंय, २०२५ च्या फेब्रुवारीत. मुलाकडे तीन महिने होतो, टॅम्पाहून दीड तासावर ओरलँडो. तिथलं डिस्नेचं मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, तेव्हा नुसत्या प्रवेशाला साडेतीन डॉलर होते. आता तारखेप्रमाणे दर बदलतो. २०२५ साली डिस्नेच्या चार पार्कांत एका दिवसाचं सगळ्यांत स्वस्त तिकीट ११९ डॉलरचं होतं आणि नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचं १९९. आम्हाला माणशी दीडशेच्या पुढे पडलं, वर साडेसहा टक्के विक्रीकर. डॉलर ८७ चा धरला तर तेरा हजारांच्या वर. यांनी तिकीट हातात घेऊन आकडा रुपयांत म्हणून दाखवला, मग दिवसभर काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी आतषबाजी सुरू झाली तेव्हा म्हणाले, “ही बघ, चाललेत तेरा हजार वर.”

ज्येष्ठांना तिथे सवलत नाही. ६३ वर्षांची होते मी तेव्हा, काही उपयोग झाला नाही. मुलांचा दर ३ ते ९ वर्षांपर्यंत, दहा पूर्ण झाली की मोठा. ईशानला दहा पूर्ण होऊन महिना झाला होता. सून म्हणाली, जानेवारीतच आलो असतो तर थोडे वाचले असते. थोडेच, लहानांच्या आणि मोठ्यांच्या तिकिटात तिथे फार फरक ठेवलेलाच नाही.

मुलगा आणि सून मात्र वेगळ्याच ऐटीत. त्यांच्याकडे वर्षाचा पास, त्याला पिक्सी डस्ट म्हणतात, आणि तो फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतो. पैसे महिन्याच्या हप्त्याने भरता येतात, हीही सोय रहिवाशांनाच. गाडी लावायचे तेव्हा ३० डॉलर होते, ते पासवाल्याला माफ. पत्त्याचा पुरावा म्हणून तिथल्या राज्याचं लायसन्स चालतं. ते नसेल तर घराच्या कर्जाचा कागद, गाडीचा विमा, विजेचं ताजं बिलसुद्धा. राहतोय हे दाखवणारा कागद पाहिजे, एवढंच. आम्ही पाहुणे, आमच्याकडे त्यातलं काहीच नाही, तेव्हा पूर्ण दर. त्यात मला काही वाटलं नाही. पाहुण्याने पाहुण्याचा दर द्यावा. मुलाने गंमत म्हणून मला विचारलं, तुला बायकोच्या पासावर आत नेऊ का? चालत नाही. दारात बोट टेकवून ठसा घेतात, ज्याचं तिकीट त्याचंच बोट.

पण त्या पासाची मेख अशी की शनिवार-रविवार आणि सणांचे दिवस त्यात बंद. रहिवाशांसाठी तीन-चार दिवसांची स्वस्त तिकिटं निघतात, तीही मधल्या मोसमात, ईस्टरचे दिवस वगळून. आता आमच्या पार्कचा फलक आठवा: सोमवार ते गुरुवार, सणासुदीचे दिवस सोडून. भाषा वेगळी, चलन वेगळं, वाक्य तेच. गावकऱ्यावर माया वगैरे कुणाची नाही, मंगळवारच्या रिकाम्या पाळण्याची काळजी आहे. पाळणा रिकामा फिरला काय आणि भरून फिरला काय, वीज तेवढीच, शिट्टीवाल्या पोराचा पगार तेवढाच. दिल्ली-मुंबईचा माणूस मंगळवारी येत नाही. येऊ शकतो तो गावचाच. त्याला ३०० कमी करून बोलवायचं. आत आला की पाणी तो तिथलंच पिणार.

आणि प्यालो. बाटली ४० ची, सहा प्यालो, २४०. फ्लोरिडात खाण्याच्या खिडकीवर गार पाण्याचा पेला फुकट देतात आणि घरचा डबा आत नेऊ देतात, हे मी इथे मुद्दाम लिहिते. तेरा हजारांच्या तिकिटावर मी घरची पोळी-भाजी खाल्ली होती, सिंड्रेलाच्या वाड्यासमोर बसून, आणि कुणी पिशवीत हात घातला नाही. तपासणी होते, पण ती काचेच्या बाटल्या आणि दारूसाठी. थेपल्यांना तिथे मज्जाव नाही.

इथलं जेवण ३५० ची थाळी, सहा थाळ्या २,१००. थाळी बरी होती, डाळ जरा गोड, पण बडोद्यात डाळ गोड म्हणून तक्रार करायला मी काही पुण्याची नाही. (सूनबाई, वाचत असशील तर हलकेच घे.) लॉकर दोन, १५० प्रमाणे ३००. पोशाख तीन, ३००. संध्याकाळी चहा आणि भजी ३८०. गाडी लावायचे १००. घसरगुंडीवर आपोआप काढलेला फोटो ३००; त्यात हेतलचं तोंड उघडं आणि ईशानचे डोळे मिटलेले, पण घेतला. आतला खर्च ३,७२०. तिकिटांसकट १०,५०५, पेट्रोल वेगळं.

सगळ्यांत वाईट भाग शेवटचा. लॉकरची आणि पोशाखांची अनामत परत घ्यायची एकच खिडकी. सकाळी पैसे घ्यायला तीन होत्या. संध्याकाळी सहाला सगळं पार्क ओल्या केसांनी त्या एका खिडकीपुढे उभं. २५ मिनिटं लागली. आमची पाळी आली तर सुटे नाहीत, १०० च्या बदल्यात आइस्क्रीमचं कुपन घ्या म्हणाला. मी म्हटलं, “भाई, मी हिशेब खात्यात होते.” त्याला यातलं काय कळलं माहीत नाही, पण त्याने खालच्या ड्रॉवरमधून नोट काढली.

रात्री मुलाने फोन उघडून दाखवलं. ऑनलाइन, आदल्या दिवशी काढलं तर मोठ्यांच्या तिकिटावर १५ टक्के कमी, कुणालाही. पुण्याचा असो, दाहोदचा असो, पिन कोड विचारत नाहीत. १,२०० चे १,०२०. म्हणजे गावकरी म्हणून खिडकीवर उभं राहून जो मान मिळतो, त्याचा खरा भाव १२० रुपये. सून आणि हेतल, दोघींची तिकिटं आदल्या दिवशी फोनवर काढली असती तर १८० प्रमाणे ३६० वाचले असते, कर धरून ४२४ रुपये ८० पैसे. निवासी म्हणून वाचले ३५४. वजा करा, ७० रुपये ८० पैसे. मुलाचं तिकीट तेवढं खिडकीवर काढायचं होतं. बाकी दोन घरबसल्या. यांना मी हे दाखवलं तेव्हा यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “पण फोनवरची मुलगी किती गोड बोलली.”

तर जाणार असाल तर असं करा: घरात कोणाच्या आधारवर ३९० किंवा ३९१ आणि कोणाच्या नाही ते आदल्या दिवशीच बघा. ज्यांच्यावर आहे आणि वय साठच्या आत, त्यांनीच खिडकीवर जावं, मूळ कार्ड घेऊन. मोबाईलमधला फोटो चालत नाही, आमच्या पुढच्या कुटुंबाला परत पाठवलं. साठीवरच्यांचा दर खिडकीवर तसाही कमी आहे. बाकीच्यांचं ऑनलाइन. डबा गाडीत, आणि दुपारी हातावर शिक्का मारून घेऊन बाहेर येऊन खा, शिक्का मारतात. हे आम्हाला चार वाजता कळलं. सुटे पैसे न्या. अनामतीच्या खिडकीवर साडेपाचला जा, सहाला नाही. आणि पार्कवाल्यांपैकी कुणी वाचत असेल तर, बायकांच्या खोल्यांत हूक लावा आणि शाळेचं ओळखपत्र चालवून घ्या. १४ वर्षांच्या मुलीकडे दुसरा कुठला कागद असणार?

त्याच आठवड्यात ईशानला कमाटीबागेत नेलं. राजवाड्यातल्या मुलांसाठी होती ती छोटी आगगाडी पुढे गावातल्या मुलांसाठी बागेत आली, हे मी त्याला रंगवून सांगितलं. आमच्या पिढीचं पहिलं पार्क तेच. आता गाडी नवी आहे. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा त्याने दोनदा पाहिला. गाडीबद्दल म्हणाला, “आजी, इट्स स्लो.” हळूच आहे, खोटं कशाला बोलू.

मंगूबेनला मी हेतलच्या तिकिटाचा आकडा सांगितला नव्हता, पण पोरीने घरी सांगितलाच. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिने विचारलं, पत्ता बदलायला काय लागतं. ७५ रुपये आणि राहत्या जागेचा पुरावा, मी म्हटलं. पुरावा म्हणजे घरमालकाने भाडेकराराच्या कागदावर सही करायची. संध्याकाळी हे स्वतः त्याच्याकडे गेले, पिशवी छातीशी धरून. तो नाही म्हणाला नाही. श्रावण जाऊ दे, मग बघू, म्हणाला.